गिअरची की ऑटोमॅटिक? विदर्भातल्या गावखेड्यात गाडी घेण्याआधी

"ऑटोमॅटिक कायले घेता काकाजी? रस्त्यात बंद पडली तं ढकलाले बी येत नाही." गाडीचा विषय निघाला की पानठेल्यावर कोणी ना कोणी हे म्हणतंच. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ऑटोमॅटिक ही शहरातल्या ट्रॅफिकची गाडी, खेड्यावर गिअरचीच पाहिजे. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं अर्धंच.

आपल्या गावाहून तालुक्याला जाणारा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता आठवा. प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक, शाळेपाशी आणखी दोन, त्यातले निम्मे बिनरंगाचे. सांजच्याला रस्ताभर पसरून घरी येणारी गुरं. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या, दोन्ही बाजूंनी कापूस ओघळलेल्या ट्रॉल्या. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. क्लचवरचा पाय नागपूरच्या सीताबर्डीत जितका दुखतो तितकाच इथंही दुखतो. त्यामुळे ऑटोमॅटिकचा आराम गावातही खराच आहे. इथलं वेगळेपण चिखलात आहे, शेताच्या चढावात आहे, आणि त्याहून जास्त दोन प्रश्नांत आहे: बिघडली तर कोण पाहणार, आणि अडीअडचणीला चालवणार कोण. निवड या क्रमाने करत गेलं की सोपी होते.

१. आधी आठवडाभर वही लिहा

शोरूमला जाण्याआधी सात दिवस, जी गाडी हाताशी असेल (दुचाकीसुद्धा चालेल), तिचा हिशेब मांडा. कुठे गेलो, रस्ता कसा होता, सोबत किती माणसं आणि काय ओझं होतं, चालवलं कोणी. रस्त्याचे तीन प्रकार धरा: डांबरी आणि सिमेंटचा, गावातला अरुंद, आणि पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट. पावसाळ्याचे चार महिने आठवून वेगळे मोजा, कारण मे महिन्यात जी पांदण कोणत्याही गाडीला चालते तीच ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरलाही नको म्हणते.

बहुतेकांच्या वहीत असं दिसतं की पांदण आपण समजतो तितकी नसते. शेतात आपण दुचाकीने जातो. चारचाकी निघते ती बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला, लेकीकडे. असं असेल तर चिखलाच्या भीतीने ऑटोमॅटिक नाकारण्यात अर्थ नाही. आणि खरंच रोज बांधापर्यंत चारचाकी न्यायची असेल, तर गिअरबॉक्सच्या आधी गाडीची जमिनीपासूनची उंची आणि टायर पाहा.

ज्यांचा बहुतेक प्रवास समृद्धी महामार्गावर आहे, म्हणजे वर्धा, कारंजा, मेहकर या भागातून नागपूर किंवा संभाजीनगरकडे, त्यांच्यासाठी हा प्रश्न जवळपास मिटतोच. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. एकदा पाचवा टाकला की तासभर लिव्हरला हात लागत नाही. तिथे पैसे गिअरबॉक्सवर घालण्याऐवजी चांगल्या टायरवर घाला, उन्हाळ्यात तर नक्कीच.

२. घरात आणि शेजारात कोण चालवणार?

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते निर्णय इथंच होतो.

शहरात गाडी एकाची असते. गावात ती घराची असते, आणि वेळ आली तर गल्लीची. रात्री दोनला कोणाच्या छातीत दुखलं आणि सेवाग्रामला न्यायचं ठरलं, तर गाडी बहुधा शेजारचा पोरगा चालवतो, कारण घरातला मुलगा पुण्यात असतो आणि काकाजींना रात्री समोरचे लाइट सहन होत नाहीत. तो पोरगा ट्रॅक्टर आणि पिकअप चालवणारा. त्याला ऑटोमॅटिकमध्ये बसवलं की डावा पाय सवयीने क्लच शोधतो, सापडतो ब्रेकचा रुंद पेडल, आणि तो क्लच दाबतात तसा पूर्ण खाली जातो. गाडी जागेवर थांबते, मागच्या सीटवरचा पेशंट पुढे आदळतो. ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर अशा दोघा-तिघांना दिवसाउजेडी गावाबाहेरच्या रस्त्यावर अर्धा-अर्धा तास चालवायला द्या. शिकणं अवघड नाही. पहिली वेळ रात्रीची आणि घाईची नसावी, एवढंच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. डाव्या गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाने गिअरच्या गाडीचा हट्ट धरू नये. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर पुन्हा कधी चालवायचं हे डॉक्टरांना विचारा. पण पुढची दहा वर्षं क्लच दाबायचा नाही हे घरच्यांनीच ठरवून टाकावं. तसंच, शेजारच्या गावी शाळेत, बँकेत किंवा आरोग्य केंद्रात रोज जाणाऱ्या सुनेसाठी किंवा मुलीसाठी गाडी घेत असाल आणि ती नव्याने शिकणार असेल, तर ऑटोमॅटिकने निम्मी भीती जाते. चढावर गाडी बंद पडून मागून हॉर्न वाजण्याचा तो प्रसंग येतच नाही. तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरच्याच गाडीवर शिकायला लावा. उद्या दुसऱ्याची गाडी चालवायची वेळ आली तर अडायला नको. लायसन्सची काळजी नको. आपल्याकडे हलक्या वाहनाचा परवाना दोन्ही गाड्यांना चालतो.

३. ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं कोणतं, ते विचारा

सेल्समन सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतो. आत मात्र चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात, आणि गावात त्यांचा स्वभाव वेगवेगळा दिसतो.

स्वस्त गाड्यांत मिळतं ते एएमटी. भारतात ते २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आलं. आज वॅगनआर, स्विफ्ट, पंच, टियागो, एक्स्टर अशा अनेक गाड्यांत मिळतं. हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्या बजेटमध्ये बहुधा हेच बसतं. यात गिअरबॉक्स साधाच असतो, अगदी गिअरच्या गाडीतला. क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम माणसाऐवजी एक छोटं यंत्र करतं, ज्याला ॲक्च्युएटर म्हणतात. जणू बोनेटखाली एक ड्रायव्हर बसवलाय आणि तो थोडा सावकाश आहे. म्हणून गिअर बदलताना हलका झटका जाणवतो. ॲक्सिलरेटर किंचित सोडला की तो कमी होतो. मायलेज मारलं जात नाही. स्विफ्टचा कंपनीने दिलेला आकडा गिअरच्या गाडीला २४.८० आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर प्रतिलिटर आहे. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण ऑटोमॅटिक पेट्रोल पिते ही तक्रार एएमटीला लागू नाही.

दुसरं टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेल असतं, ते फिरून ताकद पुढे देतं. ब्रेझा, डिझेल सोनेट, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हे आहे. चढाव, ओझं, घाट, ऊन सगळं सोसतं. खेड्यासाठी सगळ्यात भरवशाचं ऑटोमॅटिक कोणतं असं विचाराल तर मी याच्याकडे बोट दाखवीन. फक्त ते स्वस्त गाडीत मिळत नाही.

तिसरं सीव्हीटी: गिअर नाहीतच, दोन पुली आणि त्यांच्यावर पट्टा. होंडा अमेझमध्ये हे आहे. डांबरी रस्त्यावर लोण्यासारखं चालतं, चिखलात चाकं घुमवत बसणं मात्र त्याला मानवत नाही. चौथं डीसीटी, दोन क्लचचं. चालवायला झकास, महाग, आणि कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचचं असेल तर रांगेत सरकताना तापतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. रेल्वे फाटकाशी उभ्या असलेल्या अशा गाडीची मला जरा काळजीच वाटते.

सीएनजी पाहिजे असेल तर पर्याय थोडे आहेत. टाटाने २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरला सीएनजीसोबत एएमटी दिलं. बाकी बहुतेक सीएनजी गाड्या गिअरच्याच आहेत. इलेक्ट्रिक गाडीत हा वादच उरत नाही.

४. चिखल, चढाव आणि घाट

काळ्या मातीचा चिखल चाकाला लपेटला की टायरची नक्षी बुजते आणि चाक जागेवर फिरतं. गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकून हळू क्लच सोडला की चाकावर ताकद कमी पडते आणि ते कमी घसरतं. फसलीच, तर पहिला आणि रिव्हर्स असं आलटून पालटून झुलवून काढता येते. एएमटीत हे झुलवणं जमत नाही, कारण लिव्हर हलवल्यावर गिअर पडायला वेळ लागतो आणि तोवर गाडी पुन्हा खड्ड्यात येऊन बसते. दोन-चारदा जोर लावला की क्लच तापतो. बऱ्याच गाड्या तेव्हा इशारा देतात. तो मिळाला की न्यूट्रल करून थांबायचं, रेटायचं नाही.

गाडी कोणतीही असो, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं बटण असेल तर फसल्यावर ते दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक घसरतंय असं समजून गाडी स्वतःच ताकद कापते. बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करा. आणि चाकाखाली पऱ्हाटी घालू नका. वाळलेल्या पऱ्हाटीची बुडखं टायरच्या बाजूत घुसतात. पोतं घाला, कुटार घाला.

चढावाची गोष्ट चिखलाहून जास्त वेळा घडते. शेतातून डांबरी रस्त्यावर येताना नालीवरच्या सिमेंटच्या पाइपांवरून तीव्र चढ असतो आणि वर आल्या आल्या दोन्हीकडे पाहून थांबावं लागतं. गिअरची गाडी इथं अर्ध्या क्लचवर तोलून धरता येते, अर्थात क्लच झिजवून. एएमटीत लोक ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी चढावर धरून ठेवतात. हा एएमटीचा क्लच जाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या. त्यात ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी क्षण-दोन क्षण मागे येत नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला किंवा सेमाडोहमार्गे धारणीला जाणं-येणं असेल तर उतार जास्त मोलाचा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये पाहिजे, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये नुसतं 'डी'मध्ये (पुढे जायच्या नेहमीच्या खाच्यात) ठेवून ब्रेकवर घाट उतरू नका. एएमटीत लिव्हर मॅन्युअलकडे ढकलून दुसरा गिअर धरा. इतर प्रकारांत त्यासाठी 'एल', 'एस' किंवा मॅन्युअल मोड असतो.

हाच मॅन्युअल मोड दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करतानाही लागतो. ट्रॉलीच्या मागे चाळीसने चाललोय, समोर मोकळं दिसलं, ॲक्सिलरेटर दाबला, आणि एएमटी खालचा गिअर शोधण्यात एक क्षण घालवते. तो क्षण समोरून एसटी येत असेल तर फार मोठा असतो. बाहेर निघण्याआधीच खालचा गिअर टाकून ठेवायचा.

५. पैसे आणि मिस्त्री

एकाच मॉडेलमध्ये गिअरच्या गाडीपेक्षा एएमटी साधारण पन्नास हजारांच्या आसपास महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला फरक लाखाच्या वर जातो. पण हा पहिल्या दिवशीचा फरक झाला.

गिअरच्या लहान पेट्रोल गाडीचा क्लच सेट मजुरीसह साधारण आठ ते पंधरा हजारांत बदलून होतो आणि तालुक्याचा कुठलाही जाणता मिस्त्री ते काम करतो. एएमटीतही क्लच प्लेट झिजतेच, हे अनेकांना माहीत नसतं. ती बदलल्यावर कॉम्प्युटर जोडून नव्या क्लचची ओळख गाडीला करून द्यावी लागते. ते यंत्र तालुक्याच्या मिस्त्रीकडे बहुधा नसतं. ॲक्च्युएटरच गेला तर खर्च क्लच सेटच्या कितीतरी पट. म्हणून नकाशावर नाही, प्रत्यक्ष रस्त्याने मोजा: त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप किती लांब? पार टोकाच्या सिरोंच्याच्या माणसाचा हिशेब आणि मोठ्या रस्त्यावरच्या हिंगणघाटच्या माणसाचा हिशेब एक असू शकत नाही. वर्कशॉप तासाभराच्या आत असेल तर एएमटीला भिण्याचं कारण नाही. अर्धा दिवस लागत असेल तर मी गिअरचीच घेईन, आणि गुडघ्याची अडचण असेल तर टॉर्क कन्व्हर्टरसाठी पैसे जमवीन.

आता ढकलण्याचं. गिअरच्या गाडीची बॅटरी उतरली तर चार पोरं ढकलतात आणि दुसऱ्या गिअरवर गाडी चालू होते. ऑटोमॅटिक अशी चालू होत नाही. गावात गाडी आठ-आठ दिवस अंगणात उभी राहते आणि बॅटरी नेमकी तेव्हाच बसते, म्हणून डिकीत जंपर केबल ठेवा आणि तीन-चार दिवसांनी गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणा. बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर गिअरबॉक्स आतून खराब होतो. सपाट पाटाच्या टोइंग गाडीवर चढवूनच न्यायची. विमा घेताना रोडसाइड मदत आपल्या गावापर्यंत येते का आणि इंजिन प्रोटेक्शनमध्ये गिअरबॉक्स धरलाय का, हे दोन्ही विचारून घ्या.

विकायच्या वेळी गिअरची गाडी तालुक्यातच खपते. ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक नागपूर-अमरावतीकडे शोधावं लागतं.

६. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका

सेल्समन गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर नेईल. त्याला सांगा, घरचे चार जण बसवून जाऊ, आणि रस्ता मी सांगतो. एखादा रेल्वेचा उड्डाणपूल गाठा; मागे कोणी नाही हे पाहून चढाच्या मधोमध थांबा आणि पुन्हा निघा, किती मागे येते ते पाहा. मग गतिरोधकांच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्यात खेळवा. शेवटी चढावर रिव्हर्स घ्या, अगदी हळू, इंच इंच. एएमटीची खरी परीक्षा इथं होते. काही गाड्या धक्क्याने मागे उडी मारतात. तुमच्या अंगणाच्या दाराला चढ असेल तर हे रोजचंच होणार आहे. पाच मिनिटं घरातल्या सगळ्यात कच्च्या ड्रायव्हरलाही चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा.

जुनी ऑटोमॅटिक घेत असाल तर इंजिन थंड असताना चालू करून पाहा, मग अर्धा तास चालवून गरम झाल्यावर पुन्हा पाहा. गरम झाल्यावर गिअर पडायला उशीर होत असेल, इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, किंवा 'आर' (रिव्हर्स) टाकल्यावर धक्का बसत असेल तर सौदा सोडा. सर्व्हिस बुकात गिअरबॉक्सच्या कामाची नोंद नसेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या. त्याचे पैसे द्यायला मालक कुरकुरला, तर तुम्ही द्या.

७. घेतल्यावर पहिला महिना

ऑटोमॅटिक घेतली असेल तर डावा पाय मागे, सीटच्या दिशेने ओढून ठेवायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीला उजवाच पाय. चालू करताना ब्रेक दाबलेला, लिव्हर 'एन' (न्यूट्रल) किंवा 'पी'त (पार्किंग). फाटकाशी बराच वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. बाजाराच्या रांगेत एएमटीला हातभर जागा मिळाली म्हणून सरकवत राहू नका. गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या.

उभी करताना: एएमटीत बहुधा 'पी' नसतो. ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून मगच बंद करा आणि चढ-उतार असेल तर चाकाला गोटा लावा. 'पी' असलेल्या गाडीत उतारावर आधी हँडब्रेक ओढा, मग 'पी' टाका, म्हणजे गाडीचा भार आतल्या छोट्या खिळीवर येत नाही. गाडी हलत असताना 'डी'वरून 'आर' टाकायचा नाही, घरातल्या पोरांनाही हे आधीच बजावा. आणि लिव्हरला सवयीने हात गेला तर जाऊ द्या, महिनाभरात तो आपोआप स्टिअरिंगवर परत येतो.